पानिपत जिंकल्यानंतर : जर-तरच्या कथा आणि आपली कुमार मुले

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे म्हणून मराठी माणूस जर-तरचा सारा विषय एका वाक्यात मिटवून टाकतो. जे घडले ते घडले. न घडलेल्याचा हिशेब मांडणे हे रिकामटेकड्याचे काम, अशी आपली धारणा आहे. परंतु हाच मराठी माणूस एका प्रसंगाच्या बाबतीत आपला हा व्यवहारीपणा विसरतो. तो प्रसंग म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजीचे पानिपत. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? भाऊसाहेब हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले नसते तर? मल्हाररावांनी रण सोडले नसते तर? अडीच शतके उलटून गेली तरी ओट्यावर, पारावर, एस. टी.च्या बाकड्यावर हे प्रश्न चालूच आहेत. ज्या समाजाच्या भाषेत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार होऊन बसला, त्या समाजाने त्या दिवसाचा दुसरा शेवट मनातल्या मनात हजारदा लिहून पाहिलेला असणार, ह्यात नवल नाही.

मनातला हा दुसरा शेवट कागदावर उतरवण्याचे काम मराठीत ज्या कथेने सर्वांत नेटकेपणाने केले, ती कथा डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले. त्यानंतर वृत्तपत्रांतून त्यांच्या खगोलशास्त्राविषयी बरेच लिहून आले, ते योग्यच झाले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले, ही हकीकतही पुन्हा पुन्हा सांगितली गेली. परंतु इतिहासाला विज्ञानाच्या मुशीत घालून त्यांनी कुमार वाचकांच्या हाती जे दिले, त्याचा विचार फारसा झाला नाही. आपल्या घरांतील आठवी ते बारावीच्या मुलामुलींनी काय वाचावे, ह्या चिंतेत असलेल्या पालकांना ह्या कथेचा परिचय करून द्यावा आणि तिच्याविषयी माझे जे थोडे मतभेद आहेत तेही मांडावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रकार नीट ओळखून घेऊ. इतिहासावर रचलेल्या ललित साहित्याचे ढोबळ मानाने तीन प्रवाह दिसतात. पहिला आपल्या ओळखीच्या ऐतिहासिक कादंबरीचा. रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून, तो अखंड वाहतो आहे. ह्यात मुख्य घटना खऱ्या असतात. लेखक मधल्या रिकाम्या जागा कल्पनेने भरतो. दुसरा प्रवाह अद्भुतरम्यतेचा. नाथमाधवांचे ‘वीरधवल’ हे त्याचे ठळक उदाहरण. येथे राजे, किल्ले, भुयारे, तलवारी सर्व काही असते. पण तो इतिहास कोणत्याच बखरीत सापडणार नाही. एके काळी ह्या पुस्तकाने मुलांच्या रात्रीच्या झोपा उडवल्या होत्या. तिसरा प्रवाह आपल्याकडे अगदी क्षीण आहे. त्यात लेखक खरा इतिहास जसाच्या तसा घेतो, त्यातील एकच घटना उलटी करतो आणि मग पुढचे सर्व काही त्या एका बदलातून तर्काने निष्पन्न होऊ देतो. इंग्रजीत ह्या प्रकाराची मोठी परंपरा आहे. आपण त्याला ‘जर-तरची कथा’ म्हणू या.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही ह्या तिसऱ्या प्रकारातली कथा. गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. व्याख्याने देणे आणि सभांचे अध्यक्षस्थान भूषवणे हा त्यांचा छंद. नऊशे नव्व्याण्णव वेळा अध्यक्ष होऊन हजारावीची वाट पाहत असलेले. एका अपघातानंतर ते शुद्धीवर येतात ते एका निराळ्याच हिंदुस्थानात. पुण्याहून मुंबईला जाणारी गाडी ब्रिटिश हद्दीत शिरते, मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून जिवंत आहे, तिचे टोलेजंग कार्यालय दिमाखात उभे आहे. स्वतःचा मुलगा जेथे नोकरीला असायला हवा, तेथे त्या नावाचा कोणी माणूसच नाही. आता एखादा सामान्य कथानायक भांबावून धावपळ करत सुटला असता. गंगाधरपंत काय करतात? ते टाऊन हॉलच्या ग्रंथालयात जातात आणि आपणच लिहिलेले इतिहासाचे पाच खंड मागवून वाचायला बसतात.

ही जागा मला फार आवडते. पहिले चार खंड त्यांना ठाऊक असलेल्या इतिहासाशी तंतोतंत जुळतात. पाचव्या खंडात वाट फुटते, आणि ती फुटते पानिपतावर. तेथे मराठे जिंकलेले आहेत. मग ते पुरावा म्हणून भाऊसाहेबांची बखर मागवतात आणि त्यातले नेमके वाक्य शोधून काढतात : विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी कानाला चाटून गेली, तिळाएवढ्या अंतराने प्राण वाचले. आपल्या जगातल्या बखरीत तीच गोळी लागलेली आहे. दोन साम्राज्यांचे, दोन जगांचे अंतर ते काय, तर एक तीळ. पानिपत संक्रांतीच्या सुमारास झाले हे ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाच्या मनात हा तीळ किती वेळ घोळत राहील, हे सांगायला नको. लेखक स्वतः त्या योगायोगावर बोट ठेवत नाही. तसे ठेवले असते तर त्यातली गंमत गेली असती.

पुढचा सगळा इतिहास पाठ्यपुस्तकासारख्या कोरड्या, आटोपशीर भाषेत येतो. विश्वासराव पुढे पेशवे होतात. राघोबादादांचे उपद्व्याप थंडावतात. कंपनीचा विस्तार मुंबई, कलकत्ता, मद्रास ह्यांच्या आसपास अडून बसतो. दिल्लीचा बादशहा नावापुरता राहतो. एकोणिसाव्या शतकात पुण्याचे राज्यकर्ते युरोपातील यंत्रयुगाची चाहूल ओळखतात आणि आपल्याकडे विज्ञानाची केंद्रे उभी करतात. पाश्चात्त्य तज्ज्ञांची मदत घेतात, पण स्वावलंबी होण्यापुरतीच. विसाव्या शतकात पेशवाई आपोआप मागे सरते आणि लोकनियुक्त संस्था पुढे येतात. मुंबई इंग्रजांकडे उरली आहे ती १९०८ च्या कराराने, भाडेपट्ट्यावर, आणि तो पट्टा २००१ साली संपणार आहे.

कुमारवयीन वाचकांच्या दृष्टीने ह्या रचनेत एक मोठा गुण आहे, तो म्हणजे संयम. पानिपत जिंकल्याबरोबर मराठी झेंडा थेट काबूल-कंदाहारवर आणि पुढे लंडनवर फडकवण्याचा मोह कोणाही लेखकाला झाला असता. गावच्या जत्रेतल्या वगात नेमके तेच झाले असते, आणि टाळ्याही पडल्या असत्या. नारळीकरांच्या दुसऱ्या इतिहासात मराठे जिंकतात आणि मग शिकायला बसतात. विजयाचे फळ म्हणून त्यांनी प्रयोगशाळा दाखवली. ती कल्पना एका वैज्ञानिकाला शोभणारी तर आहेच, पण ती आपल्या मुलांनाही वेगळे काही सांगते : जिंकणाऱ्याला पुढे काय करायचे हे ठाऊक नसेल, तर तिळाने वाचलेला प्राण फार काळ उपयोगी पडत नाही.

दुसरा गुण विनोदाचा. गंगाधरपंत त्या जगात आझाद मैदानावरच्या एका व्याख्यानाला जातात. पाहतात तो व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी. ज्याने नऊशे नव्व्याण्णव खुर्च्या भूषवल्या, त्याला हे कसे सोसवेल? लोहचुंबकाकडे खिळा ओढला जावा तसे ते खुर्चीकडे ओढले जातात. त्या जगातले लोक मात्र अध्यक्षीय समारोपांना इतके विटलेले आहेत की त्यांनी अध्यक्ष नावाची संस्थाच बंद करून टाकली आहे. खुर्ची ठेवायची, पण ती शोभेची. मग जे व्हायचे तेच होते. पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजी रूपात तर टोमॅटो आणि अंडी यांचा वर्षाव होतो. पानिपत जिंकलेल्या मराठी माणसाने पहिली कोणती सुधारणा केली, तर त्याने अध्यक्षीय भाषण बंद केले, हा टोला अस्सल मराठी आहे. वार्षिक सणाच्या सभांतून आम्हा धर्मगुरूंनाही त्या खुर्चीवर बराच वेळ बसावे लागते, म्हणून ह्या प्रसंगाला मी अंमळ जास्तच हसलो असेन.

शेवटी राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ मित्र गंगाधरपंतांना उलगडा करून देतात. आपत्ती-सिद्धान्त आणि पुंजवाद ह्यांचा आधार घेऊन ते सांगतात, की वास्तव एकच असते असे नाही. जेथे दोन वाटा फुटतात तेथे दुसऱ्या वाटेवरचे जगही अस्तित्वात असू शकते. हा भाग काही वाचकांना जड वाटतो. माझ्या मते तो कथेचा कणा आहे. ह्या भागामुळेच ती ‘अहाहा, असे झाले असते तर’ ह्या हळहळीपासून दूर राहते. आणि वैज्ञानिक स्पष्टीकरणावर विश्वास ठेवायला तयार नसलेल्या वाचकापुढे लेखक एकच वस्तू ठेवतो : खिशात राहून गेलेले बखरीचे फाटके पान. शंकेखोर थोमाला जखमेचा स्पर्श हवा होता. गंगाधरपंतांच्या मित्रालाही पुरावा हवा आहे, आणि तो त्याला मिळतो.

ही कथा सर्वदूर पोहोचली ती मात्र इंग्रजीतून. केंद्रीय मंडळाच्या अकरावीसाठी २००६ साली निघालेल्या ‘हॉर्नबिल’ ह्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात तिचे संक्षिप्त रूप ‘द ॲडव्हेंचर’ ह्या नावाने समाविष्ट झाले. केरळातली, आसामातली मुले तिच्यावरची प्रश्नोत्तरे पाठ करू लागली. आपल्या जिल्ह्यात मात्र विचित्र प्रकार दिसतो. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत जाणारी हिंगोली, वसमतची मुले ती इंग्रजीतून वाचतात आणि मूळ कथा मराठी आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकच नसते. तर मराठी माध्यमातल्या मुलांना ही कथा आहे हेच ठाऊक नसते. शिवाय इंग्रजी संक्षेपात, आणि त्याहून अधिक त्यावरच्या प्रश्नांत, भर सगळा पुंजवादावर. गंगाधरपंतांच्या सभाप्रेमाची खुमारी मराठी कानालाच कळते. ज्या घरात शक्य असेल तेथे मुलांना आधी मराठी कथा द्यावी, मग पाठ्यपुस्तक.

आता थोडे बाहेर पाहू. जर-तरचा हा खेळ पाश्चात्त्यांकडे प्राचीन आहे. अलेक्झांडर रोमवर चालून गेला असता तर, ह्याचा विचार रोमन इतिहासकार लिव्हीने केला होता. १९३१ साली जे. सी. स्क्वायर यांनी ‘इफ इट हॅड हॅपन्ड अदरवाइज’ हा निबंधसंग्रह संपादित केला. त्यात विन्स्टन चर्चिल आहेतच, पण आपल्या वाचकांना कुतूहल वाटावे अशी तीन कॅथॉलिक नावेही आहेत : चेस्टरटन, हिलेर बेलॉक आणि फादर रोनाल्ड नॉक्स. चेस्टरटननी ऑस्ट्रियाच्या डॉन जॉनचा विवाह स्कॉटलंडच्या राणी मेरीशी लावून दिला. बेलॉकनी १७९१ साली पळून जाणाऱ्या सोळाव्या लुईला ओळखणाऱ्या माणसाची गाडी वाटेत अडकवून ठेवली. नॉक्सनी इंग्लंडातला १९२६ चा सार्वत्रिक संप यशस्वी करून टाकला. तिघेही श्रद्धावान, आणि तिघांनाही हा खेळ खेळताना संकोच वाटला नाही.

संकोच वाटावा असे त्यात काही नाही, हे मुद्दाम सांगतो. कारण ‘जे घडले ती देवाची इच्छा, मग न घडलेल्याची कल्पना करणे हे श्रद्धेला धरून आहे काय?’ असा प्रश्न एका सुजाण पालकाने मला विचारला होता. सेमिनरीत आम्हाला सोळाव्या शतकातील येशूसंघीय ईश्वरविज्ञानी लुईस द मोलिना शिकवला जाई. जे घडू शकते ते देव जाणतो, जे घडणार तेही जाणतो. आणि ह्या दोहोंच्या मध्ये, अमुक परिस्थितीत अमुक माणसाने आपल्या स्वतंत्र इच्छेने काय केले असते, तेही तो जाणतो, असे मोलिनाचे प्रतिपादन. त्याला ‘मध्यज्ञान’ असे नाव पडले आणि त्यावर डॉमिनिकन व येशूसंघीय यांच्यात कित्येक वर्षे वाद पेटला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. पण मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू सोर आणि सिदोन ह्या नगरांविषयी काय बोलतो, ते त्या पालकांनी उघडून पाहावे. तेथेही एक ‘जर’ आहे आणि एक ‘तर’ आहे.

परतून आपल्या कथेकडे येतो, कारण माझे मतभेद अजून सांगायचे आहेत.

पानिपतावर केवळ सरदार आणि शिलेदार नव्हते. फौजेबरोबर बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती. लाखभर बांगड्या फुटल्या असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्या बांगड्या काही फक्त पेशव्यांच्या वाड्यातल्या नव्हत्या. विश्वासरावांची गोळी चुकली आणि राज्य बदलले, हे ठीक. पण त्या गोळीमुळे वाचलेला पखालजी, नालबंद, न्हावी घरी परतून काय करता झाला, ह्याची कथेला जाणीव नाही. संक्षिप्त लघुकथेकडून एवढी अपेक्षा करणे रास्त नाही, हे मला मान्य आहे. तरीही आमच्या वाचक मंडळातल्या दहावीच्या एका मुलाने सरळ विचारले, ‘फादर, पेशवाई बुडलीच नसती तर आपण कोठे असतो?’

हा प्रश्न सोपा नाही आणि तो ह्या कथेच्या मर्मावर येऊन पडतो. मराठवाड्यातल्या आपल्या अनेक कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. उत्तर पेशवाईतील जातिनिर्बंध त्यांनी सोसले. त्यांच्या दृष्टीने १८१८ हे केवळ पराभवाचे वर्ष नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. विजयी पेशवाईच्या त्या दुसऱ्या पुण्यात ही शाळा निघाली असती काय? ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी तेथे असते काय? नारळीकरांनी विज्ञानाची केंद्रे उभारली, लोकशाही आणली. परंतु जातीची उतरंड त्या जगात कोणी, केव्हा, कशी हलवली, ह्याविषयी कथा गप्प आहे. पेशव्यांचा उद्यम सरला आणि लोकसभा आल्या, एवढ्या एका वाक्यात ती पुढे जाते. ज्याचा पूर्वज वाड्यात होता त्याला हे वाक्य पुरते. ज्याचा पूर्वज वेशीबाहेर होता त्याला पुरत नाही.

ह्याचा अर्थ इंग्रज आले ते बरे झाले असा कोणी घेऊ नये. तसा अर्थ घेणारे लोक आहेत आणि त्यांच्याशी माझे जमत नाही. मिशनरी काही केवळ इंग्रजी बंदुकीच्या सावलीत आले नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली, म्हणजे पानिपताच्या जवळपास दीडशे वर्षे आधी, छापून झाले होते. कदाचित त्या दुसऱ्या इतिहासातही एखादे फुले झाले असते. कदाचित अधिक झगडून झाले असते. मला एवढेच म्हणायचे आहे, की जर-तरच्या कथेची खरी परीक्षा राजाच्या नशिबावर होत नाही. त्या जगातल्या सर्वांत लहान माणसाचे काय झाले, ह्यावर ती होते. इंग्रज लेखक किंग्जली एमिस यांनी १९७६ साली ‘द ऑल्टरेशन’ ही कादंबरी लिहिली. युरोपात धर्मसुधारणेची चळवळ यशस्वी झालीच नाही आणि सर्वत्र पोपमहोदयांचीच सत्ता आहे, असे तिचे गृहीत. आपल्या ख्रिस्तसभेचे त्यातले चित्र काही गोड नाही, आणि पुस्तक मुलांच्या हाती देण्याजोगेही नाही. परंतु त्यात सारे जग पाहिले आहे ते एका दहा वर्षांच्या गाणाऱ्या मुलाच्या बाजूने. त्या मुलाच्या शरीराचे आणि आवाजाचे मोठ्यांनी काय करायचे ठरवले आहे, ह्यावर त्या जगाचा न्याय होतो. हे तंत्र आपल्या लेखकांनी उचलण्यासारखे आहे.

खरे तर पानिपत हीच मुळात कुमारांची कहाणी आहे. विश्वासराव पडले तेव्हा त्यांचे वय अठरा होते. पानिपतानंतर काही महिन्यांतच नानासाहेब वारले आणि माधवराव पेशवे झाले, ते सोळाव्या वर्षी. आज हे दोघे कनिष्ठ महाविद्यालयात असते. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी ह्या मुलांना दाढीमिशा फुटलेल्या प्रौढांप्रमाणे बोलायला लावले. त्यांची भीती, त्यांची हौस, त्यांचे वडिलांवरचे रुसवे, ह्यांना वाव देणारी कुमार कादंबरी मला तरी वाचायला मिळालेली नाही.

येथे ऐतिहासिक कादंबरीविषयीही थोडे बोलले पाहिजे. जर-तरच्या कथेवर ‘मुले गोंधळतील, खरा इतिहास विसरतील’ असा आक्षेप घेतला जातो. माझा अनुभव उलट आहे. जर-तरची कथा आपला खोटेपणा पहिल्याच पानावर कबूल करते. ती समजायलाच खरा इतिहास ठाऊक असावा लागतो. विश्वासराव पडले हे ज्याला माहीत नाही, त्याला गंगाधरपंतांचा धक्का कळणारच नाही. उलट रूढ ऐतिहासिक कादंबरी आणि त्यावरचा चित्रपट कल्पित संवाद खऱ्या पोशाखात उभे करतात, आणि मुले ते संवाद इतिहास म्हणून पाठ करतात. शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या ‘छावा’वर आधारलेला हिंदी चित्रपट २०२५ साली आला. त्यानंतर मध्य प्रदेशातल्या अशीरगडाच्या परिसरात लोक रात्री विजेऱ्या घेऊन मोगलांचे सोने शोधत शेते उकरीत असल्याच्या बातम्या छापून आल्या. कादंबरीचा किंवा चित्रपटाचा तो हेतू नव्हता, हे उघड आहे. पण नारळीकरांची कथा वाचून पेशव्यांच्या प्रयोगशाळेचे अवशेष शोधायला कोणी पर्वतीवर कुदळ घेऊन गेल्याचे ऐकिवात नाही.

पुराणकथांना इतिहासाचा साज चढवून लिहिलेल्या नव्या इंग्रजी कादंबऱ्या, अमीश त्रिपाठी यांची २०१० पासूनची शिवकथेवरची मालिका हे त्यांचे गाजलेले उदाहरण, आपली महाविद्यालयीन मुले आवडीने वाचतात. त्यांचा वेग नाकारता येत नाही. वेग सोडून त्यांत मला फारसे सापडले नाही, म्हणून पुढे जातो.

आपल्या मातीत मात्र जर-तरचा केवढा ऐवज पडून आहे! पानिपतची वाट मराठवाड्यातूनच निघते. फेब्रुवारी १७६० मध्ये भाऊसाहेबांनी उदगीरला निजामाचा पराभव केला. त्या यशामुळे उत्तरेची मोहीम त्यांच्याकडे आली, आणि मार्चमध्ये जालना जिल्ह्यातल्या परतूरहून फौजा निघाल्या. पानिपतावर ज्याच्या तोफांनी शेवटपर्यंत इमान राखले तो इब्राहीमखान गारदी पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता. भाऊ उदगीरला हरले असते तर पानिपत झालेच नसते! पुण्यामुंबईच्या लेखकाला न सुचणारा हा ‘जर’ येथल्या शिक्षकाला सुचायला हवा.

आणि त्याहून जवळचा एक आहे. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मधले तेरा महिने मराठवाडा प्रत्यक्षातच एका दुसऱ्या इतिहासात राहत होता. निजामाचे टपाल निराळे, रेल्वे निराळी, हाली नाणे निराळे, शाळा-कचेऱ्यांची भाषा उर्दू. सरहद्द ओलांडून विदर्भात गेले की तिरंगा आणि परत आले की आसफजाही झेंडा. गंगाधरपंतांना त्यासाठी अपघात व्हावा लागला. आपल्या आजोबांना पैनगंगा ओलांडणे पुरत होते. ते तेरा महिने तेरा वर्षे झाले असते तर? ह्या विषयावर कुमारांसाठी लिहिणाऱ्याने हात जपून चालवावा लागेल. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी घरोघर आहेत, आणि पोलिस कारवाईनंतर जे मुसलमान शेजारी भयाने परागंदा झाले त्यांच्याही आहेत. एकाच घटनेचे दोन ‘जर’ एकाच गल्लीत राहतात. दोन्हींना कान देऊ शकेल असा लेखक मिळाला तर ती कथा नारळीकरांच्या कथेच्या शेजारी ठेवता येईल.

ह्या उन्हाळ्यात आमच्या वाचक मंडळातल्या मुलांना ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचून दाखवल्यावर प्रत्येकाने दोन पाने लिहावीत असे सुचवले. अट एकच : बदल एकाच गोष्टीत करायचा, बाकी सर्व खरे ठेवायचे. मुलग्यांपैकी बहुतेकांनी लढाया जिंकल्या. एकाने भाऊसाहेबांना रणगाडे दिले. अट मोडली म्हणून मी ते परत केले, तर दुसऱ्या दिवशी त्याने रणगाडे काढून फक्त वेळेवर पोहोचलेली रसद लिहून आणली, आणि ती रणगाड्यांपेक्षा चांगली उतरली. कळमनुरीकडच्या एका मुलीने पानिपताला हातच लावला नाही. इसापूरचे धरण झाले नाही, एवढाच तिचा बदल. मग तिच्या आजीचे पाण्याखाली गेलेले गाव दोन पाने भरून जसेच्या तसे : चिंच, आड, पाटलाची ढाळज, आणि ज्या वाटेने आजीला आडावर जाऊ देत नसत ती वाट. शेवटच्या चार ओळींत तिने लिहिले होते की धरण झाले नाही म्हणून खालच्या गावांना उसाला पाणी नाही, आणि तिच्या मामाचे लग्न जमत नाही.

ते कागद मी ठेवून घेतले आहेत. तिची परवानगी मिळाली तर पुढील अंकासाठी संपादकांकडे पाठवीन.